हिवाळ्यातले लागोपाठ लीग सामने: आधी फ्रंट रो मोजा, मग मैदान राखा

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये काउंटीज 1 मध्ये, म्हणजे सातव्या पातळीवर खेळणाऱ्या एका रग्बी क्लबात एका मराठी वाचकाने यंदा संघ-व्यवस्थापकाची जबाबदारी घेतली आहे. नोव्हेंबर संपता संपता सुरू होऊन जानेवारीच्या शेवटापर्यंत सात लीग सामने आहेत. दुसरा संघही चालवायचा आहे, मैदान एकच आहे, सराव मंगळवार-गुरुवार. खेळाडूंना किती राबवायचं, मैदान कसं टिकवायचं आणि सामना होणार नाही हे कधी, कोणी, कसं ठरवायचं?

12 संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाशी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर एकेकदा, असे 22 सामने होतात. म्हणजे हे सात सामने म्हणजे हंगामाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. या दोन महिन्यांत खेळ सुधारण्यापेक्षा सामने ठरलेल्या तारखेला होणं महत्त्वाचं आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. पुढे ढकललेला सामना मिटत नाही, व्याजासकट परत येतो. राखीव शनिवार मोजकेच असतात आणि त्यातलेही काही सिक्स नेशन्स या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या दिवसांत येतात. तेव्हा निम्म्या खेळाडूंनी तिकिटं काढलेली असतात. मार्च-एप्रिलमध्ये सलग सहा शनिवार खेळायची पाळी आलेला संघ तळाला घसरतो तो बहुधा याच कारणाने.

सामना पडतो तो मुख्यतः दोन कारणांनी. एक, मैदान खेळण्याजोगं नसतं. दोन, फ्रंट रोचे, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना ढकलतात त्यात) सर्वांत पुढे असणारे तिघे पुरत नाहीत. म्हणून तुमचा वेळ आणि लक्ष सगळ्यात आधी या दोन ठिकाणी द्या. डावपेच मागून.

फ्रंट रोपासून सुरुवात करू. नियम साधा आहे: संघात 15 जण असतील तर फ्रंट रोला तयार असलेले किमान तीन हवेत, 16 ते 18 असतील तर चार, 19 ते 22 असतील तर पाच, 23 असतील तर सहा. बहुतेक क्लब 18 जण घेऊन जातात, म्हणजे चार लागतात. दोन संघ म्हणजे आठ. आता या आठांपैकी एकाचं लग्नकार्य, एक तापाने आडवा, एकाची शनिवारची पाळी, एकाचा खांदा दुखावलेला. डिसेंबरात हे काही विशेष नाही, नेहमीचंच. त्यामुळे आठ हवे असतील तर यादीत बारा नावं असायला हवीत. बारा नसतील तर आतापासून स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला एखादा लॉक किंवा कडेचा धिप्पाड फ्लँकर लूजहेडला, म्हणजे फ्रंट रोच्या डाव्या बाजूच्या प्रॉपच्या जागेवर, तयार करायला घ्या. पण तयार करणं म्हणजे गुरुवारी दोनदा स्क्रम मशीनवर (ढकलण्याच्या सरावाच्या यंत्रावर) उभं करणं नव्हे. आधी एकास एक, मग तिघांस तिघे, मग आठांस आठ अशा चढत्या क्रमाने किमान पाच-सहा आठवडे द्या. मान आणि पाठ सरळ ठेवून बसायची सवय होईपर्यंत त्याला लीग सामन्यात पाठवू नका. घाईने उभा केलेला प्रॉप स्क्रममध्ये कोसळतो आणि कोसळलेल्या स्क्रममध्ये मानेला इजा होते. यावर तडजोड नाही.

17 वर्षांच्या मुलांना प्रौढांच्या सामन्यात खेळवायला वेगळी परवानगी लागते. फ्रंट रोची चणचण त्यांच्यावर भागवायचा विचार करूच नका.

विद्यापीठात शिकणारी क्लबची जुनी मुलं डिसेंबरच्या मध्याला घरी येतात आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात. त्यात एखादा हूकर (फ्रंट रोतला मधला) असेल तर तुमचे तीन शनिवार सुटले. मात्र त्यांची नोंदणी आरएफयूच्या (इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या) जीएमएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत नोव्हेंबरातच तपासून घ्या. नोंदणी नसलेला खेळाडू उतरवला तर जिंकलेले गुणही कापले जातात. शुक्रवारी रात्री दहा वाजता ही आठवण होऊन उपयोग नाही. सामन्याच्या दिवशी इलेक्ट्रॉनिक मॅच कार्ड भरताना कोण फ्रंट रोत खेळू शकतो ही खूण नीट करा. रेफरी तीच पाहतो.

बाकी यादीचा हिशेब असा धरा: दोन संघांना 36 जण लागतात. हिवाळ्यात तीनपैकी दोघे मिळाले तरी बरं, म्हणजे यादी 54-55 जणांची हवी. तेवढी नसेल तर दुसऱ्या संघाचे सामने 'गेम ऑन'च्या सवलतीत खेळता येतात का ते पाहा. खालच्या पातळीवर कमी खेळाडू, न भिडता स्क्रम किंवा छोटे डाव अशी जुळवाजुळव दोन्ही क्लबांनी आधी बोलून करता येते. दुसऱ्या संघाचा सामना रद्द करून तिथले चार जण पहिल्या संघाच्या बाकावर बसवणं दिसायला सोयीचं असतं, पण महिन्याभरात त्या संघातली उरलेली मंडळी यायचीच बंद होतात. मग फेब्रुवारीत बाकावर बसवायलाही कोणी उरत नाही.

आता डोक्याला मार, कारण हिवाळ्यातली यादी यानेच सर्वांत अचूकपणे हलते. 2023 पासून ब्रिटनमध्ये हौशी खेळांसाठी एकच मार्गदर्शिका आहे: शंका आली की खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत मैदानात नाही, पहिले 24 ते 48 तास विश्रांती, आणि सामन्यात परत येणं 21 व्या दिवसाआधी कधीच नाही. शिवाय पूर्ण भिडंतीच्या सरावाला परतण्याआधी सलग 14 दिवस विश्रांतीत एकही लक्षण असता कामा नये. कॅलेंडरवर मांडून पाहा. शनिवारी मार बसला तर पुढचे दोन शनिवार गेलेच. तिसरा शनिवार हा 21 वा दिवस. पण त्याआधी एकदा तरी भिडंतीचा सराव झाला पाहिजे, आणि त्यासाठी शेवटचा दिवस म्हणजे आदला गुरुवार, 19 वा दिवस. त्यातून 14 वजा केले की पाचवा दिवस उरतो, म्हणजे मार बसल्यानंतरचा पहिलाच गुरुवार. त्या गुरुवारपर्यंत डोकेदुखी, चक्कर, उजेडाचा त्रास पूर्ण गेला नसेल तर तिसऱ्या शनिवारीही तो नाही, असंच धरून यादी लावा. खेळाडूला हे त्याच दिवशी स्पष्ट सांगा. नाहीतर दर मंगळवारी 'मी बरा आहे' हा संवाद ऐकावा लागेल आणि कधीतरी कोणी तरी भिडेच्या पोटी हो म्हणेल. पहिल्या 24 तासांत 111 या आरोग्य हेल्पलाइनला फोन करून किंवा डॉक्टरांना दाखवून तपासणी झाली का, हे विचारायचं काम एका ठरावीक माणसाकडे द्या.

सरावाचं माप. व्यावसायिक खेळाडूंसाठी वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने 2021 मध्ये घातलेली शिफारस आठवड्याला पूर्ण भिडंत 15 मिनिटं, नियंत्रित भिडंत 40 मिनिटं, आणि स्क्रम, लाइनआउट (चेंडू बाहेर गेल्यावर दोन रांगांत उभं राहून झेलणं) आणि मॉल (चेंडूवाल्याभोवती उभ्याने रेटारेटी) यांचा प्रत्यक्ष सराव 30 मिनिटं अशी आहे. ज्यांचं पोट रग्बीवर चालतं, ज्यांच्या दिमतीला फिजिओ आहेत, त्यांच्यासाठी ही कमाल मर्यादा आहे. दिवसभर विटा वाहून किंवा ऑफिसात बसून संध्याकाळी येणाऱ्याला याहून जास्त द्यायचं काही कारण नाही. सामन्यांच्या या रांगेत मंगळवारी पूर्ण भिडंत शून्य ठेवा. शनिवारी 60 मिनिटांहून जास्त खेळलेल्यांना पाऊण तासात मोकळं करा: हलकं पळणं, हातांचा खेळ, लाइनआउटच्या हाका. न खेळलेल्यांना मात्र त्याच वेळी दुसऱ्या कोपऱ्यात थोडं जास्त राबवा, नाहीतर जानेवारीत अचानक 80 मिनिटं खेळायची वेळ आली की त्यांचेच स्नायू आधी फाटतात. गुरुवारी टॅकलचा 10 ते 12 मिनिटांचा तुकडा, आठ-दहा खरे स्क्रम, लाइनआउट, आणि शेवटी पूर्ण संघाने मिळून डावांची उजळणी. तासाभरात दिवे बंद.

सराव सुरू होताना आरएफयू आणि बाथ विद्यापीठाने तयार केलेला 'ॲक्टिव्हेट' हा वॉर्म-अप घ्या. 20 मिनिटं लागतात, मान, मांड्या आणि तोल यांवर भर आहे, आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार असा तीनदा केला तरच त्याचा खरा फायदा मिळतो. थंडीत लोक हाच भाग आधी गाळतात. गाळू देऊ नका.

टॅकलची उंची 2023 च्या जुलैपासून हौशी सामन्यांत छातीच्या हाडाच्या तळापर्यंत खाली आणलेली आहे. चिखलात दमलेला माणूस कंबरेतून वाकायचा कंटाळा करतो, उभ्या उभ्या मिठी मारतो, आणि पिवळं कार्ड घेऊन 10 मिनिटं बाहेर बसतो. म्हणून गुरुवारचा टॅकलचा तुकडा दम लागल्यानंतर घ्या, ताजेतवाने असताना नको.

मैदान. साध्या मातीच्या, खास निचरा न केलेल्या मैदानाला हिवाळ्यात आठवड्याला दोन सामने म्हणजे खूप झालं. त्यावर रविवारी लहान मुलांचे संघ आणि वर दोन दिवस सराव चढला की डिसेंबरच्या मध्याला दोन्ही बाजूंच्या, गोलरेषेपासून 22 मीटरच्या पट्ट्यांत गवत उरत नाही. मुंबईत रग्बी पावसाळ्यात खेळतात, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर चिखल भरपूर असतो, पण तिथे उष्णता असते आणि गवत वाढत राहतं. इंग्लंडात डिसेंबर-जानेवारीत गवताची वाढ जवळजवळ थांबलेली असते. नोव्हेंबरात उखडलेला तुकडा मार्चपर्यंत भरत नाही. त्यामुळे इथे मैदान दुरुस्त करायचं नसतं, खर्च जपून करायचा असतो.

सराव मुख्य मैदानावर घेऊच नका. क्लबकडे वेगळा तुकडा नसेल तर जवळच्या शाळेचं कृत्रिम मैदान आठवड्यातून एक संध्याकाळ घ्या, पण ते वर्ल्ड रग्बीच्या रेग्युलेशन 22 प्रमाणे भिडंतीला मान्य आहे का ते आधी विचारा. फुटबॉलसाठी घातलेल्या अनेक कृत्रिम मैदानांखाली धक्का शोषणारा थर पुरेसा नसतो. तिथे फक्त पळणं आणि पासिंग. स्क्रम मशीन मैदानाच्या हद्दीबाहेर ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी तिची जागा पाच-सहा मीटर सरकवा. वॉर्म-अप गोलरेषेच्या मागे किंवा शेजारच्या गवतावर घ्या.

गवत 50 ते 75 मिमी उंच राहू द्या. सामना संपल्यावर उजेड असेल तर चार माणसांना बागेचे काटे देऊन उखडलेले तुकडे परत दाबायला लावा. रविवारी सकाळी केलं तरी चालतं, बुधवारी केलेलं उपयोगाचं नाही. कारण तोवर मुळं सुकलेली असतात. माती ओली असताना रोलर फिरवू नका. मैदान दिसतं गुळगुळीत, पण मातीतली हवेची जागा दाबली जाते आणि पुढच्या पावसाचं पाणी वरच थांबतं. हवा खेळवण्यासाठी व्हर्टी-ड्रेन या ट्रॅक्टरला जोडायच्या यंत्राने 20 ते 30 सेंमी खोल भोकं पाडायची असतील तर ट्रॅक्टरचं वजन सोसेल इतकी जमीन घट्ट असली पाहिजे. तशी फट डिसेंबरात एखाददुसरीच मिळते, यंत्रवाल्याला आधीच सांगून ठेवा. साचलेल्या डबक्यांत बागेचा काटा 15-20 सेंमी खुपसून हलकेच मागेपुढे करा आणि पाणी रबरी पात्याने बाहेर ढकला. डबक्यावर वाळू ओतू नका, तिचा गारा होतो. आणि बर्फ वितळावा म्हणून गवतावर मीठ टाकायची सूचना कोणी ना कोणी करतोच. ऐकू नका, वसंतात तिथे टक्कल दिसेल.

तपासणी कशी करायची. हवेचं तापमान 3-4 अंश दाखवत असलं तरी आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर गवताजवळ दहिवर गोठतं. म्हणून शुक्रवारी दुपारी अंदाज पाहा, रात्री एकदा मैदानावर जा, आणि शनिवारी सकाळी आठला स्टडचे बूट घालून पूर्ण मैदान चाला. मध्यभागी उभं राहून निर्णय घेऊ नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खूप खाली असतो, म्हणून दक्षिणेकडच्या झाडांच्या किंवा क्लबहाउसच्या सावलीतला पट्टा दिवसभर उन्हाशिवाय राहतो. तीच जागा शेवटपर्यंत गोठलेली असते. तिथे टाच दाबा. स्टड पूर्ण आत गेले पाहिजेत. मग लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन दाबून पाहा. वरचे दोन-तीन सेंमी मऊ आणि खाली टणक लागलं तर समजा की ऊन पडून फक्त वरची साय वितळली आहे. हा प्रकार पूर्ण गोठलेल्या मैदानाहून फसवा: बूट घसरतो, गुडघा वळतो, आणि पडलेला माणूस लोखंडावर आपटल्यासारखा आपटतो. अशा पट्ट्यापुरती 'तिकडे खेळू नका' अशी तडजोड रग्बीत होत नाही. एक पट्टा गोठलेला म्हणजे मैदान गोठलेलं.

पाण्याच्या बाबतीत पाहायची गोष्ट वेगळी. थोडा चिखल म्हणजे अडचण नाही. पण चार-पाच ठिकाणी पाणी उभं असेल तर रकच्या (जमिनीवरच्या चेंडूसाठी होणाऱ्या झुंबडीच्या) तळाशी अडकलेल्याचं तोंड त्यात जाऊ शकतं, त्याच्या अंगावर सहा माणसं असतात. तिथे विचार करण्यासारखं काही नाही.

गोठण टाळण्यासाठी हलक्या आच्छादनाची कापडं मिळतात. पूर्ण मैदान झाकणं बहुतेक क्लबांच्या आवाक्याबाहेर असतं, पण फक्त तो सावलीतला पट्टा गुरुवारी संध्याकाळी झाकून शनिवारी सकाळी काढला तर कित्येक सामने वाचतात. गोठलेल्या गवतावर चालल्यावर पावलांचे काळे ठसे उमटतात, म्हणून तपासणीला एकानेच जावं, मुलांना मैदानावर सोडू नये.

निर्णयाची वेळ पाहुण्यांच्या बसवरून ठरवा. त्यांची बस साडेदहाला सुटत असेल तर दहाला निरोप गेला पाहिजे. आदल्या आठवड्यातच त्यांना विचारून ती वेळ लिहून ठेवा. बस कंपनी किती तास आधी सांगितल्यास पैसे घेत नाही, तेही विचारा. निरोपाचा क्रम ठरलेला असावा: प्रतिस्पर्धी क्लब, रेफरी, लीगचे संयोजक, मग तुमचे खेळाडू, स्वयंपाकघर, बार, प्रथमोपचारक. प्रतिस्पर्ध्यांना फोनच करा, मेसेज टाकून मोकळे होऊ नका. शंका असेल तर जवळ राहणाऱ्या रेफरीला सकाळीच बोलावून घेता येतं. सामन्याच्या वेळी सुरक्षिततेचा शेवटचा शब्द त्याचाच असतो, आणि त्याने नाही म्हटलं की वाद घालू नये.

सामन्याची वेळ उजेडावर ठरते. 21 डिसेंबरच्या सुमारास लंडनमध्ये सूर्य चार वाजायच्या जरा आधी मावळतो, उत्तरेला न्यूकॅसलकडे त्याहून 12-15 मिनिटं लवकर. 80 मिनिटं खेळ, 10 मिनिटं मध्यंतर, जखमींसाठी आणखी 15 धरले तर दोनला सुरू झालेला सामना पावणेचारला संपतो. सामन्याच्या दर्जाचे दिवे नसतील तर दोन ही तुमची शेवटची वेळ, आणि 10 मिनिटांचा उशीरही परवडत नाही. जखमी खेळाडूसाठी थांबावं लागलं आणि अंधार पडला तर सामना अर्धवट राहू शकतो. म्हणून दुसऱ्या संघाचा सामना शक्यतो त्याच दिवशी प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर ठेवा. एकाच मैदानावर सकाळी दुसरा आणि दुपारी पहिला असं करू नका: वेळही जातो आणि मैदानही.

जखमी माणूस थंड जमिनीवर पाच मिनिटांत गारठतो. बाजूला फॉइलची चार ब्लँकेट, दोन जाड घोंगड्या आणि अंगाखाली घालायला फोमची चटई ठेवा. रुग्णवाहिकेला यायला वेळ लागू शकतो, आणि आली तरी चिखलात चाक रुतू नये म्हणून गेटपासून मैदानापर्यंतचा पक्का रस्ता गाड्यांनी अडवू देऊ नका. बदली खेळाडूंना जाड कोट द्या आणि मैदानात जायच्या पाच मिनिटं आधी पळायला लावा. सहा चेंडू आणि डझनभर कोरडे टॉवेल. चेंडूची हवा 9.5 ते 10 पीएसआय, आणि ती सामन्याआधी बाहेरच्या थंडीत तपासा, कारण गरम खोलीत भरलेला चेंडू बाहेर नेला की मऊ पडतो. पुढच्या पाचांना लांब स्टड लावू द्या, पण 21 मिमी ही कमाल मर्यादा आहे. ओले बूट हीटरवर ठेवले की तळव्याचा डिंक सुटतो. आत कागद कोंबून खोलीत सुकवा.

खेळाबद्दल थोडकंच. विजयाचे चार गुण, बरोबरीचे दोन, चार ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) केले की एक जादा, सात किंवा कमी गुणांनी हरलं तर एक. चिखलात चार ट्राय क्वचितच होतात, पण सातच्या आत हरणं तुमच्या हातात असतं. 70 व्या मिनिटाला दहाने मागे असताना पेनल्टी मिळाली आणि गोल टप्प्यात असेल तर तीन गुण घ्या. तो एक गुण एप्रिलमध्ये लागतो. लाइनआउट चार-पाच जणांचा करा, हाका कमी ठेवा, आपल्या 22 च्या आत दोनपेक्षा जास्त पास देऊ नका.

आणि एवढं करूनही एखादा सामना पडलाच, तर सोमवारीच नवी तारीख मागा. पहिला राखीव शनिवार जो लवकर पकडतो त्याला मिळतो. दोन्ही क्लबांनी मान्य केलेली तारीख संयोजकांना लेखी कळवा, रेफरी संघटनेकडे नव्याने मागणी नोंदवा (ती आपोआप पुढे सरकत नाही), आणि त्या दिवशी तुमच्या यादीतले चार फ्रंट रोवाले उपलब्ध आहेत का हे तारखेला हो म्हणण्याआधी विचारा.